ट्रॉली शेपूट मारते, म्हणता?

"सर, मागची ट्रॉली लई शेपूट मारती, काय करावं?" गळीत हंगाम तोंडावर आला की तुमच्यापैकी कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन दारात उभा राहतो. विचारताना तोंड असं करता, जणू ट्रॉलीला बाहेरची बाधा झाली आहे आणि मी अंगारा देणार आहे. माझ्याकडं अंगारा नाही. आयटीआयच्या वर्गात जे फळ्यावर लिहून दिलं होतं, तेच आहे. त्या वेळी तुमचं लक्ष खिडकीबाहेर होतं. आता तेच पुन्हा सांगतो, आणि या खेपेला गोड आवाजात सांगणार नाही. तेव्हा चुकलात तर मार्क जायचे, आता माणसं जातात.

पहिली गोष्ट डोक्यात घ्या. ट्रॉली आपणहून काहीही करत नाही. तिला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, तुमच्यातल्या बहुतेकांच्या ट्रॉलीला ब्रेकही नाही. फडात ऊस कसा रचला, हुकात कसली पिन घातली, टायरात हवा किती आणि उतारावर गिअर कोणता, या सगळ्याची बेरीज ती रस्त्यावर मांडून दाखवते. तेव्हा "ट्रॉली शेपूट मारती" हे बोलणं आजपासून बंद. "मी मारायला लावतो" असं म्हणा, म्हणजे पुढचं ऐकायला बसण्याची लायकी येईल.

वजनापासून सुरुवात करू. दोन चाकांची ट्रॉली घ्या, जिच्यातून तुम्ही उन्हाळ्यात विटा, वाळू, शेणखत ओढता. तिच्यातल्या मालाचा मध्य चाकांच्या जरा पुढं यायला हवा आणि वजनाचा काही हिस्सा दांडीवरून ट्रॅक्टरच्या हुकावर बसायलाच हवा. मोटारीमागं ट्रेलर ओढणाऱ्या अमेरिकेत हा हिस्सा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा, असा ढोबळ नियम सांगतात. तुमच्या आज्जाला टक्केवारी कुणी शिकवली नव्हती. पण गाडी उलाळ झाली तर जू बैलाच्या मानेवरून वर उचलतं आणि फार धुरजड झाली तर बैलाचा खांदा सुजतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पोती मागंपुढं सरकवायचा, जू हातानं उचलून भार बघायचा आणि मगच बैल जुंपायचा. तुम्ही 50 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरवर बसता आणि दांडी उचलून बघायला तुमची कंबर दुखते. आणि ती 40 फुटी सळई! निम्मी ट्रॉलीत, निम्मी मागं लोंबणारी, टोकाला एक लाल चिंधी बांधली की तुमचं कर्तव्य संपलं. चिंधीनं वजन पुढं येत नाही रे बाबांनो.

वर्गातलं मॉडेल आठवतंय का बघा. फिरत्या पट्ट्यावर ठेवलेली, खुंटीला अडकवलेली दोन चाकांची छोटी ट्रॉली. लोखंडी ठोकळे चाकांच्या पुढं ठेवले आणि मी बोटानं टिचकी मारली. ट्रॉली एकदा डोलली, दुसऱ्यांदा कमी डोलली, सरळ झाली. मग तेच ठोकळे, तितक्याच वजनाचे, चाकांच्या मागं सरकवले. पट्ट्याचा वेग तोच, टिचकी तेवढीच. पहिला डोल बोटभर, पुढचा दोन बोटं, त्याच्या पुढचा वीतभर, आणि मॉडेल पट्ट्यावरून उडून बाकाखाली. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांच्या आवाजात मी काय सांगत होतो ते कुणाच्याच वहीत उतरलं नाही. आता उतरवून घ्या.

ट्रॉली ओळीबाहेर गेली की तिचे टायर किंचित तिरके चालतात आणि त्या तिरकेपणामुळं रस्ता तिला परत ढकलतो. हे ढकलणं दोन तऱ्हेचं असतं. ट्रॉली जितकी वाकडी, तितका तिला ओळीत आणणारा जोर, ही पहिली तऱ्हा. हा जोर तिला मध्यावर आणतो, पण मध्यावर थांबवत नाही. आलेल्या झपाट्यात ती पलीकडं जाते. दुसरा जोर तिच्या डोलण्यालाच विरोध करतो, डोल जिरवतो. सगळा खेळ या दुसऱ्या जोराचा आहे आणि तो वेग वाढला की घटतो. ट्रॉलीचं आडवं सरकणं तेवढंच राहिलं आणि पुढं पळण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्या सरकण्यानं टायरला येणारा तिरकेपणा निम्मा होतो, म्हणून डोल जिरवणारा जोरही निम्मा. एका वेगापर्यंत प्रत्येक डोल आधीच्यापेक्षा लहान होत जातो. तो वेग ओलांडला की प्रत्येक डोल आधीच्यापेक्षा मोठा. वजन मागं टाकलंत की हा वेग खाली येतो. आणि डोल मोठा व्हायला लागणारी शक्ती कुठून येते? तुमच्याच इंजिनातून. डिझेल तुम्हीच भरलेलं असतं.

इथं तुमचा ठरलेला जबाब येतो. "सर, आपला ट्रॅक्टर तीस-पस्तिसाच्या वर पळतोय कुठं? ते सगळं मोटारवाल्यांचं." बरोबर, ब्रिटनमध्ये हे मोटारवाल्यांचं दुखणं आहे. तिथली माणसं मोटारीमागं कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून सुट्टीला जातात. बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी त्या कॅरॅव्हॅन डोलतात का आणि कधी, याचे प्रयोग केले. त्यात वजनाची जागा, दांडीवरचा भार आणि वेग यांचंच मोल दिसलं. तिथला कायदा ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला मोटारवेवर ताशी 60 मैलांच्या आणि दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर 50 मैलांच्या वर जाऊ देत नाही. पण त्यांची एकच कॅरॅव्हॅन असते, टायर धड असतात, हुक कंपनीचा असतो. तुमचा धोक्याचा वेग त्यांच्याइतका वर आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं? वजन मागं, टायरात हवा कमी, सांधे ढिले, माल उंच आणि त्यात दुसरी ट्रॉली. यातली प्रत्येक गोष्ट तो वेग खाली ओढते. तुमच्या तिसालाच शेपूट हलत असेल, तर तुमचा धोक्याचा वेग तीसच आहे. ट्रॉली तुम्हाला तोंडावर सांगते आहे आणि तुम्ही साउंडचा आवाज वाढवून बसला आहात.

आता चार चाकांच्या ट्रॉलीवाल्यांनी फार खूश होऊ नये. तुमचा पुढचा एक्सल टर्नटेबलवर फिरतो, हुकावर उभा भार येत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं की वजनाचा नियम आपल्याला लागू नाही. लागू आहे. माल मागच्या अंगाला जास्त रचलात की पुढचा एक्सल हलका होतो आणि त्याचे टायर रस्ता नीट धरत नाहीत. ट्रॉलीला दिशा देणारा तोच एक्सल, आणि तोच तुम्ही अर्धा हवेत ठेवता.

सांधे मोजा. ट्रॅक्टरचा हुक एक. पहिल्या ट्रॉलीचं टर्नटेबल दोन. तिच्या मागचा हुक तीन. दुसरीचं टर्नटेबल चार. चार ठिकाणी वाकणारी लांबलचक रांग तुम्ही एका स्टिअरिंगनं सरळ ठेवायला निघता. अशा रांगेचा एक गुण सगळ्या जगात सारखा आहे: झटक्यात दिलेला हिसका मागं जाताना वाढत जातो. तुम्ही खड्डा चुकवायला ट्रॅक्टर वीतभर झटकला, तर पहिली ट्रॉली त्याहून जास्त झटकते आणि दुसरी तिच्याहून जास्त. तुम्हाला सीटवर काही कळतही नाही, आणि शेवटची ट्रॉली ओव्हरटेक करायला आलेल्या मोटारसायकलवाल्याचा रस्ता खाऊन बसलेली असते.

त्यात दुसऱ्या ट्रॉलीचा हुक पहिलीच्या साट्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. मागच्या एक्सलपासून हुक जितका लांब, तितकी मागच्या ट्रॉलीला पुढच्या ट्रॉलीचं बूड ढकलायला लांब तरफ मिळते. तरफेचा नियम शाळेत झाला होता ना? की तेव्हाही खिडकीबाहेरच बघत होता? सावकाश वळणावर मात्र या बाहेर झटकण्याच्या उलट होतं. दुसरी ट्रॉली आत कापते. ट्रॅक्टर चौकातून निघून गेला, पहिली ट्रॉली गेली, म्हणून कडेचा सायकलवाला पाऊल पुढं टाकतो आणि दुसरीचं चाक त्याच्या अंगावर येतं. पेठ नाक्यापासून पंढरपूरपर्यंत कुठल्याही चौकात संध्याकाळी घटकाभर उभे राहून बघा, ते चाक कडेच्या किती जवळून जातं. आणि कार्तिकी वारी व हंगामाची सुरुवात बहुधा एकाच सुमाराला येते, हे विसरू नका. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेनं दिंडी चालत असते. तिच्या शेजारून जाताना तुमची शेवटची ट्रॉली कुठं आहे, हे तुम्हाला सांगता यायला हवं. येतं का?

पिनेचं बोलायचं राहिलं. मागच्या हंगामात एकाला भर अड्ड्यात हुकातली पिन काढून दाखवायला लावली. निघता निघेना. घण मारून निघाली तेव्हा सगळ्यांनी बघितली. मधोमध घासून घासून कंबर बारीक झालेली, वरचं डोकं हातोडीच्या मारानं पसरलेलं, आणि खाली क्लिपेच्या जागी वाकवलेला खिळा. हुकाचं भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. पिन जागेवर असताना शेजारून करंगळी आरपार जात होती. ती करंगळीएवढी फट म्हणजे काय? ट्रॉली तेवढी मोकळी डोलते, तोवर ट्रॅक्टरचा तिच्यावर कसलाही ताबा नसतो. मग ती एकदम हुकावर आपटते. फट पिनेला खाते आणि खाल्लेली पिन फट आणखी वाढवते. शेवटी एका खड्ड्यात खिळा उडतो, पिन वर येते आणि दहा टनांची ट्रॉली चालकाविना समोरच्या गाडीकडं निघते. तिला धरून ठेवायला साखळी असते. "तुझी साखळी कुठाय?" म्हणून विचारलं, तर म्हणे घरी म्हशीला बांधली आहे! म्हैस सुरक्षित. वा रे पठ्ठे.

नवी पिन, तिची योग्य क्लिप आणि दोन साखळ्या यांना येणारा खर्च तुमच्या साउंडच्या एका स्पीकरपेक्षा कमी आहे. ट्रॅक्टरला स्पीकर किती बसवलेत ते अख्ख्या गावाला पाठ आहे. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टरच्या पट्ट्या किती, ते मालकालाही सांगता येत नाही. मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही, मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही. दोन्ही बाजूंनी व्यवस्था चोख.

टायरचं वेगळं काय सांगू? टायर मऊ असला की तो कडेला झुकतो आणि ट्रॉलीला ओळीत आणणारा जोर उशिरा आणि कमी देतो. तुम्ही एका बाजूला नवा टायर घालता, दुसऱ्या बाजूला रिमोल्ड, आणि हवा डोळ्यांनी मोजता. चाक हातानं हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर लगेच कळतं. पाट्याचे यू-बोल्ट ढिले झाले की एक्सल एका अंगाला सरकतो आणि ट्रॉली रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या रेषेत दिसतात. तुम्हाला दिसत नाहीत, कारण तुम्ही कधी मागं जाऊन बघत नाही. एकदा दुसऱ्याला ट्रॅक्टरवर बसवा आणि आपल्याच ट्रॉलीमागून मोटारसायकलवरून या. पुरे होईल.

आता उतार. याच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून फळ्यावर हिशेबच मांडतो. मागं 20 टन ऊस. उतार 20 फुटांना 1 फूट, म्हणजे तुमच्या मते उतार नव्हेच. मागून ढकलणारा जोर 20 टनांचा विसावा भाग, 1 टन. ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन मी धरलेलं नाही. चाकांच्या घर्षणात जे काही जिरेल त्याच्या बदल्यात ते सोडून दिलं. तुमचा ट्रॅक्टर अडीच टनांचा. त्यातलं दीडेक टन मागच्या चाकांवर आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना. कोरड्या डांबरावर ती चाकं फार तर टनभर जोर धरतील. चिखलावर, सांडलेल्या पाचटावर त्याच्या निम्मा. म्हणजे जवळजवळ सगळी पकड नुसता वेग वाढू न देण्यातच संपली. थांबायला काय उरलं? आणि टायरची पकड एकदा ब्रेकमध्ये खर्ची पडली की आडवं धरून ठेवायलाही ती उरत नाही. ट्रॅक्टरचं मागचं अंग बाजूला सरकतं, दांडी आडवी येते आणि वीस टन ऊस तुमच्याच अंगावर चढतो. हे सगळं चढ चढल्याच्याच गिअरमध्ये किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरलात तर टळतं. तुम्ही काय करता? डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल मारता. इंजिन चाकांना मागं खेचत असतं, तो एकुलता एक भरवशाचा ब्रेक, आणि तोच काढून टाकता. वर गिअरमध्ये जेवढा पळतो त्याहून जास्त पळायची मुभा देता. वेग दुप्पट झाला तर थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे. वाचवलेल्या डिझेलचे पैसे मोजा आणि मला सांगा, कुणाच्या जिवाची ती किंमत लावली आहे.

ब्रेकवरून आणखी एक. तुमच्या ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं आहेत, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेतात बांधाजवळ एका चाकावर वळता यावं म्हणून ती सोय आहे. डांबरी रस्त्याला लागण्याआधी दोन्ही पेडलं मधल्या पट्टीनं जोडायची असतात. किती जणांनी जोडली आहेत? हात वर करा. बघितलंत? घाईत पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर त्या अंगाला फिरतो आणि मागची रांग मात्र सरळच जायला बघते. यापुढं काय होतं ते मी वर सांगितलं आहे, पुन्हा सांगत नाही.

मग शेपूट हलायला लागलीच तर करायचं काय? तुमची सवय मला माहीत आहे. एक तर ट्रॉली उजवीकडं गेली की स्टिअरिंग डावीकडं मारायचं, डावीकडं गेली की उजवीकडं. तुमचे हात तिच्या डोलण्याच्या एक पाऊल मागंच असतात, म्हणून प्रत्येक वेळी तुम्ही तिला आणखी एक धक्का देता. दुसरी सवय म्हणजे ब्रेकवर उभं राहणं. तिसरी सगळ्यात अक्कलवान: "जरा ताणली की सरळ होती" म्हणून ॲक्सिलरेटर वाढवणं. तिन्ही बंद. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गिअर काढू नका, क्लच दाबू नका. वेग उतरेल तसा डोल आपोआप जिरेल. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतील तर आधी ते हलकेच लावा. मागून ओढ बसली की रांग ताणून सरळ राहते. मग बाजूला घ्या, खाली उतरा आणि कारण शोधा. पुन्हा वर चढून तसेच निघालात तर तुम्हाला काहीच समजलेलं नाही.

मालाची उंची बघा. ऊस वजनापेक्षा जागा जास्त खातो, म्हणून तुम्ही मोळ्या फळ्यांच्या वर माणूसभर रचता. खेपेमागं दोन टन जास्त बसले म्हणून अड्ड्यात मिशीला पीळ देता. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर गेला. ट्रॉली डोलताना आता आडवी सरकण्याबरोबर कलतेही, एका बाजूचे टायर दबतात, दुसऱ्या बाजूचे हलके होतात, आणि हलका टायर कसलाही जोर देत नाही. वरच्या थराला दोर नसेल तर दोन मोळ्या एका अंगाला घसरतात आणि मग ती ट्रॉली कारखान्यापर्यंत त्याच अंगाला झुकून चालते. रिकामी ट्रॉली घेऊन परतताना तरी शहाणे होता का? नाही. काट्यावर वजन झालं, गव्हाणीत ऊस पडला, की दुसरी खेप गाठायच्या नादात मोकळ्या ट्रॉल्या उडवत आणता. भरलेल्या ट्रॉलीसाठी केलेले कडक पाटे रिकामीला खड्ड्याखड्ड्यावर हवेत उडवतात. चाक हवेत असताना रस्ता तिला कशानं धरणार?

उन्हाळ्यात पाण्याचे टँकर ओढणाऱ्यांनीही कान इकडं करावेत. टँकर भरा तर पूर्ण भरा, नाही तर रिकामा आणा. अर्ध्या टँकरमधलं पाणी वळणावर एका कडेला धावतं आणि ब्रेक लावला की पुढं. आत आडव्या पत्र्यांचे कप्पे नसतील तर वजन कुठं आहे, याचा नेम टँकर बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

बनवणाऱ्यांची नावं मी घेत नाही, पण तुम्हीही माझेच विद्यार्थी आहात. मालकानं "दांडीवर भार नको, ट्रॅक्टरचं मागचं दबतंय" म्हटलं की तुम्ही एक्सल चार बोटं पुढं घेऊन मोकळे होता. दुसऱ्या ट्रॉलीचा हुक साट्याला वेल्डिंगनं चिकटवता, वर रंग मारता आणि मालकाच्या पोराचं नाव मोठ्या अक्षरात लिहिता. त्या हुकावर किती ओढ येणार, याचा कागदावर कधी हिशेब केलात? जिथं हिशेब करायचा तिथं नजरेनं मोजता आणि बिल मात्र पैशापर्यंत मोजून लावता.

आणि मालक. चालकाला खेपेवर पैसे देता, म्हणून त्याला घाई. ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा असतो, हे तुम्हाला अपघातानंतर वकिलाकडून कळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 कधी वाचलं आहे? 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20 हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. माल बाजूला, मागं किंवा ठरलेल्या उंचीपलीकडं गेला, तर त्याचाही दंड 20 हजार. तुम्ही म्हणाल, पकडतो कोण? मान्य, फारसं कुणी पकडत नाही. म्हणून तर तुम्हाला मी बोलावून बोलतो आहे. कारखान्याच्या शेती खात्यातल्या साहेबांनीही हे ऐकावं. काट्यावर वजनाचा आकडा तुम्हाला टनाच्या शंभराव्या भागापर्यंत दिसतो. तो आकडा ट्रॉलीच्या नोंदणीत लिहिलेल्या वजनापेक्षा किती वर गेला, ते तुम्हाला दिसत नाही, असं सांगू नका. हंगामाच्या पहिल्या दिवशी मोळीची पूजा होते, नारळ फुटतो. त्याच दिवशी गेटवर ट्रॉलीच्या पिना तपासायला कारखान्याचा एक फिटर उभा केला, तर देवाला राग येणार नाही.

"सगळेच असं करतात सर" हे तुमचं शेवटचं हत्यार. सगळ्यांनी गणित चुकवलं म्हणून उत्तर बदलतं का रे? आणि "आजवर काही झालं नाही" असं म्हणणाऱ्यानं हेही सांगावं, की आजवर त्याच्या पिनेची कंबर किती बारीक झाली. लोखंड रोज थोडं थोडं झिजतं आणि एका दिवशी तुटतं. त्या दिवसापर्यंत काही झालेलं नसतंच.

आता कामं ऐका. हंगाम सुरू व्हायच्या आधी पिन, क्लिप आणि हुकाचं भोक तपासा. करंगळीच काय, काडीसुद्धा आत जाता कामा नये. दोन साखळ्या दांडीखालून फुलीत घाला. चारही चाकांना सारखे टायर आणि मोजून हवा. यू-बोल्ट आवळा, बेअरिंग बघा, ब्रेकची पेडलं जोडा. मागं आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावा, शेवटच्या ट्रॉलीला लाल दिवा लावा. ऊस मागच्या एक्सलच्या मागं साठवू नका, फळ्यांच्या वर डोंगर करू नका, वरचा थर दोरानं आवळा. उतारावर गिअर, वळणावर सावकाश, साउंड बंद. आणि जमलं तर दुसरी ट्रॉली घरी ठेवा. ज्याला एका ट्रॉलीत संसार चालत नाही, त्याचा दोन ट्रॉलींतही चालत नाही, एवढं मी या भागात राहून बघितलं आहे.

हे सगळं एका दिवसाचं काम आहे. जो करेल, त्यानं पुढच्या हंगामात निवांत चहाला यावं. जो करणार नाही, त्यानं अपघातानंतर पोलिसांना स्वतःचं नाव सांगावं, गावाचं सांगावं, मालकाचं सांगावं. मी याला ट्रॅक्टर शिकवला, असं मात्र माझ्या नावावर सांगू नये.